भोपळ्यातील म्हातारी : एका बालकथेचे देशोदेशीचे अवतार

लिहितावाचता येऊ लागण्यापूर्वी ज्या गोष्टी आपल्या कानी पडतात, त्यांच्याकडे पुढे अभ्यासकाच्या दृष्टीने पाहण्याची आपणांस सवय नसते. शाकुंतलाचे पाठभेद आपण पाहतो, ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहतो. परंतु लेकीकडे निघालेल्या म्हातारीच्या गोष्टीलाही पाठभेद आहेत आणि ते बंगालपासून पोर्तुगालपर्यंत विखुरलेले आहेत, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. युरोपातील पंडितांनी मात्र अशा कामांत कुचराई केली नाही. मॅरियन रोल्फ कॉक्स ह्या विदुषीने १८९३ साली सिंड्रेलेच्या एका कथेची ३४५ रूपे ग्रंथबद्ध केली. आमच्या भोपळ्याला एवढा मान अद्याप मिळालेला नाही. तो मिळण्याइतकी त्याची योग्यता आहे, असे आम्हांस वाटते.

मराठी गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तरी तुलनेसाठी तिचा सांगाडा पुढे असलेला बरा. एक म्हातारी रानातून लेकीच्या गावी निघते. वाटेत कोल्हा, वाघ अशी एकेक जनावरे तिला अडवितात व खाईन म्हणतात. म्हातारी प्रत्येकास सांगते की, माझ्या अंगावर आता हाडांखेरीज काही नाही; लेकीकडे जाऊन, खाऊनपिऊन, धष्टपुष्ट होऊन येते, मग खुशाल खा. जनावरांना हे पटते. लेकीकडे काही दिवस काढल्यावर परतीची वेळ येते, तेव्हा लेक आईला एका मोठ्या भोपळ्यात बसवून देते. भोपळा टुणूक टुणूक रानातून निघतो. जनावरे त्यालाच म्हातारीचा ठावठिकाणा विचारतात आणि आतून उत्तर येते की, कोण म्हातारी, आम्हांस ठाऊक नाही. शेवट घरोघर निराळा. कोठे भोपळा सुखरूप दाराशी येऊन ठेपतो. कोठे जनावराला संशय येऊन तो फुटतो आणि म्हातारीला आणखी एखादी युक्ती काढावी लागते.

लोककथांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी फिनलंडच्या आर्ने ह्यांनी १९१० मध्ये आरंभिली, अमेरिकेच्या स्टिथ टॉम्प्सन ह्यांनी वाढविली आणि २००४ मध्ये जर्मनीच्या ऊथर ह्यांनी तिची नवी आवृत्ती सिद्ध केली. तीत ‘मी लठ्ठ होईपर्यंत थांब’ अशा आशयाच्या नावाने ह्या कथाप्रकाराला जागा दिलेली आहे. तिच्याच शेजारी नॉर्वेमधील तीन बोकडांची प्रसिद्ध कथा येते. तीत धाकटा बोकड पुलाखालच्या राक्षसाला सांगतो की, माझ्या मागून येणारा माझ्याहून मोठा आहे, त्याला खा. वर्गवारीचा उपयोग एवढाच की, कोणत्या गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या हे कळते. क्रमांक दिला म्हणजे गोष्ट समजली, असा जो समज काही अभ्यासकांत दिसतो, तो आम्हांस मान्य नाही.

आता ह्या म्हातारीचे गोत्र पाहू. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांनी हिंदी घरांतून हीच गोष्ट ऐकली असेल. मात्र तेथे बुढिया भोपळ्यात बसत नाही, ढोलकीत बसते. गुजराती गोष्ट गिजुभाई बधेका ह्यांच्या बालकथांमुळे घरोघर पोचली. गिजुभाई (१८८५–१९३९) हे भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतील बालशिक्षणाचे थोर पुरस्कर्ते. त्यांच्या गोष्टीतही डोशी लेकीकडेच जाते. पण परत येते ती ‘भंभोटिया’त बसून. हा शब्द ऐकताच पोकळ वस्तूचा घुमणारा आवाज कानात उमटतो, आणि मुलांना वस्तूपेक्षा हा आवाजच अधिक प्रिय असतो. बडोद्यातील आमच्या शिक्षकबंधूंनी दोन्ही गोष्टी एकाच वर्गात सांगून पाहाव्या, अशी सूचना करावीशी वाटते.

बंगाली कथा अधिक रेखीव आहे. उपेंद्रकिशोर रायचौधुरी ह्यांनी १९१० च्या ‘टुनटुनीर बोई’ ह्या संग्रहात ती छापली. तेथील म्हातारी कुबडी आहे, काठी टेकीत चालते, आणि तिच्या पदरी रंगा व भंगा अशी दोन कुत्री आहेत. ती लेकीकडे नव्हे, नातीकडे निघते. कोल्हा, वाघ आणि अस्वल तिला अडवितात. तिन्हींना ती तेच वचन देते. परतताना नात तिला दुध्याच्या पोकळ कवचात बसविते व बरोबर पोहे आणि चिंच देते. अस्वल आणि वाघ फसतात. पण कोल्हा आवाज ओळखतो व कवच फोडतो. येथे म्हातारीची दुसरी युक्ती येते. खाण्यापूर्वी एक गाणे ऐक, असे सांगून ती उंचवट्यावर चढते आणि गाण्याच्या सुरात आपल्या कुत्र्यांना हाक मारते. कुत्री धावत येतात, आणि कोल्ह्याचा निकाल लागतो. कुत्र्यांचा उल्लेख आरंभीच करून ठेवण्यात सांगणाऱ्याची केवढी हुशारी आहे! मुले त्यांना विसरून गेलेली असतात, आणि नेमक्या वेळी ती येऊन उभी राहतात.

पंजाबी रूप ह्या सर्वांहून निराळे, आणि आमच्या मते सर्वांत विचार करावयास लावणारे आहे. फ्लोरा ॲनी स्टील व रिचर्ड टेंपल ह्यांनी ते १८८४ साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. पुढे १८९४ च्या ‘टेल्स ऑफ द पंजाब’ ह्या संग्रहातही ते आले. येथे म्हातारी प्रवासाला निघतच नाही; ती मुक्कामाच्या ठिकाणी बसलेली आहे. निघते ते एक कोकरू, आपल्या आजीकडे. कोल्हा, गिधाड, वाघ, लांडगा, कुत्रा आणि गरुड एवढ्या सगळ्यांना ते वचन देते. आजीकडे पोचताच ते म्हणते की, मी लठ्ठ होण्याचे वचन दिले आहे आणि दिलेले वचन पाळावे हे बरे. तेव्हा मला धान्याच्या कणगीत घाल. सात दिवस ते कणगीत बसून खाते. मग आजी त्याच्या मेलेल्या धाकट्या भावाच्या कातड्याचे नगारे करून त्यात त्याला बसविते. कोकरू नगाऱ्यातून घरंगळत निघते. भेटेल त्याला सांगते की, ते कोकरू आगीत पडून मेले. सगळे फसतात, एकटा कोल्हा मात्र आवाज ओळखतो, नगारे फाडतो आणि कोकराला खाऊन टाकतो. गोष्ट तेथेच संपते.

इराणातही ही म्हातारी आहे, आणि तेथेही ती लेकीकडेच जाते. लांडगा, बिबट्या आणि सिंह तिला आडवे येतात. परतीचे वाहन ‘कदू’, म्हणजे भोपळाच. गोष्टीच्या नावातच त्याचे गडगडणे आलेले आहे. हिंदीतील ‘कद्दू’ ह्याच फारसी शब्दापासून आला. आणि पश्चिमेच्या पार टोकाला, पोर्तुगालमध्ये, एक म्हातारी नातलगांच्या मंगलकार्यास निघते, लांडग्याला तेच आश्वासन देते आणि ‘कबासिन्या’त, म्हणजे लहानशा भोपळ्यात, बसून घरी परतते. तेथेही भोपळा आतून बोलतो, कोणी म्हातारी पाहिली नाही म्हणतो, आणि तेथेही त्याला पळावयास सांगणारे एक पद आहे.

गोव्यातील वाचक येथे सावरून बसतील. १५१० पासून १९६१ पर्यंत ज्या पोर्तुगीजांचे राज्य त्या भूमीवर होते, त्यांच्या घरीही भोपळ्यातली म्हातारी असावी, ह्यात काही संकेत नाही काय? १५१५ ते १६२२ पर्यंत इराणच्या आखातातील होर्मुझ त्यांच्याकडे होते. १६३२ पर्यंत बंगालात हुगळी येथे त्यांची वसाहत होती. म्हणजे ही कथा जेथे जेथे नांदते, त्यांतील कित्येक ठिकाणी त्यांची गलबते लागली होती. मोह मोठा आहे. पण तो आवरावा, असे आमचे मत आहे. थिओडोर बेन्फाय ह्या जर्मन पंडिताने १८५९ साली पंचतंत्राच्या अभ्यासावरून असा सिद्धांत मांडला की, युरोपातील बहुतेक कथा मूळच्या भारतातल्या. तो ऐकून आपल्याकडे पुष्कळांना धन्यता वाटली. परंतु १८९३ मध्ये फ्रान्सच्या जोझेफ बेदिये ह्यांनी त्या सिद्धांताची साधार चिकित्सा केली. नुसते साम्य दाखविले की प्रवासाची दिशा सिद्ध होत नाही, आणि गलबताचा मार्ग तोच गोष्टीचा मार्ग असतो असेही नाही. गोष्ट खलाशाच्या मुखाने जाते तशी दाईच्या, उंटवाल्याच्या, सासरी गेलेल्या मुलीच्या मुखानेही जाते, आणि ह्यांपैकी कोणीही बंदरातील दप्तरात नोंद करीत नाही.

तथापि वाहनाकडे बारकाईने पाहिले तर काही गोष्टी निश्चित सांगता येतात. आपल्या क्रमिक पुस्तकांतील चित्रकार म्हातारीला हमखास तांबड्या भोपळ्यात बसवितात. हा तांबडा भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी तो इराणातही नव्हता आणि भारतातही नव्हता. जुन्या जगाचा भोपळा म्हणजे दुध्याच्या जातीचा. त्याचे मूळ आफ्रिकेत आहे, आणि इतिहासपूर्व काळापासून तो आशियात पसरलेला आहे. बंगाली कथेतील ‘लाऊ’ हा तोच, आणि पोर्तुगीज ‘कबासा’ हाही मुळात तोच. वाळला की ह्याची साल लाकडासारखी कठीण होते, आतला गर सुकून जातो, आणि उरते ते हलके, पोकळ, गडगडणारे भांडे. ह्याचीच कमंडलू होत, तोच पाठीशी बांधून मुले विहिरीत पोहावयास शिकत. तांबडा भोपळा जड व गराने भरलेला; त्यात म्हातारीला बसवावयाचे तर आधी भाजीच करावी लागेल! तेव्हा चित्रात काहीही असो, गोष्टीत वाळलेला भोपळाच असला पाहिजे.

आणि वाळलेला भोपळा घुमतो. तंबोऱ्याचा भोपळा हा त्याचाच भाईबंद. पंढरपूरच्या परिसरातील भोपळे मिरजेच्या कारागिरांकडे जातात आणि त्यांतून स्वर निघतो. हे ध्यानी आले की भोपळा, ढोलकी, नगारे आणि भंभोटिया ह्यांतील नाते उकलते. हिंदीने म्हातारी ठेविली आणि भोपळ्याऐवजी ढोलकी घेतली. पंजाबीने म्हातारीला घरी बसविले, कोकरू पुढे केले आणि नगारे घेतले. प्रवासी आणि वाहन दोन्ही बदलतात. बदलत नाही ती वाहनाची पोकळी आणि तिच्यातून येणारा बदललेला आवाज. मूल जेव्हा ही गोष्ट ऐकते, तेव्हा आजी तोंडापुढे हाताची ओंजळ धरून भोपळ्याचा आवाज काढते. गोष्टीचा प्राण तेथे आहे. म्हणूनच ती जेथे जेथे फसते, तेथे आवाज ओळखल्यामुळे फसते. बंगाली आणि पंजाबी कोल्हा कवचाला भुलत नाही. तो कान देतो. ‘भ्रमाचा भोपळा फुटणे’ ह्या आपल्या वाक्प्रचाराचा ह्या कथेशी संबंध जोडण्याचे धाडस आम्ही करीत नाही. पण ह्या गोष्टीत भोपळा फुटतो तो जनावराचा भ्रम फिटल्यावरच, एवढे खरे.

म्हातारी कोणाकडे जाते, हाही प्रश्न क्षुल्लक नव्हे. जुन्या मराठी घरांत लेकीला अपत्य होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी अन्न घेऊ नये, असा दंडक होता. लेक दिलेल्या घरी पाहुणचार झोडणे हे लाजिरवाणे समजले जाई. अशा समाजात एक आई उघड सांगते की, मी लेकीकडे खाऊन लठ्ठ होण्यासाठी चालले आहे. आणि जनावरांनाही ते इतके स्वाभाविक वाटते की, ती वाट सोडून बाजूला होतात. गोष्टीत जावई नाही, विहीण नाही. आई आणि लेक ह्या दोघीच आहेत. व्यवहारात आईला जे मोकळेपणी करता येत नव्हते, ते गोष्टीत तिने केले, असे आम्हांस वाटते. ही गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियाच बहुधा सांगत, हे ह्या संदर्भात विसरून चालणार नाही. बंगालीत लेकीच्या जागी नात आली. पण सुटकेची योजना तेथेही मुलीकडच्याच नात्याने होते.

ह्यापुढचा प्रश्न शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा आहे. म्हातारीने दिलेले वचन मोडले, आणि वर आपण कोण हेही खोटे सांगितले. मग ही गोष्ट मुलांना सांगावी काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण आपल्याच परंपरेत ह्याच कथेला नेमके उलटे उत्तर दिलेले आहे. बेळगावच्या बाजूस कन्नड मुले शाळेत ‘गोविन हाडु’, म्हणजे गाईचे गाणे, शिकतात. पुण्यकोटी नावाच्या गाईला वाघ अडवितो. वासराला शेवटचे दूध पाजून येते, असे वचन देऊन ती घरी जाते, वासराला इतर गाईंच्या हवाली करते, आणि खरोखरच परत येऊन वाघापुढे उभी राहते. वाघ लज्जित होतो आणि पश्चात्तापाने प्राण देतो. बहुला गाईची पुराणकथा हिचीच सख्खी बहीण. सांगाडा पाहा: तेच रान, तोच वाघ, तीच ‘आता सोड, मग खा’ ही विनवणी, तेच घरी जाणे. एकीने शब्द पाळला, दुसरीने मोडला. आणि दोघीही वाचल्या.

एकाच तालुक्यात, कधी एकाच आळीत, ह्या दोन्ही गोष्टी नांदतात. त्यांतील एक खरी आणि दुसरी खोटी ठरविण्याचे कारण नाही. गाईचे वचन आणि म्हातारीचे वचन दिसावयास सारखे असले, तरी गोष्टींचा रोख भिन्न आहे. गाय बोलते ती वासरासाठी. तिचा शब्द पाळला जातो तेव्हा वाघाच्याही ठायी काही जागे होते. ती व्रताची कथा आहे, आणि व्रताच्या कथेत वाघालाही अंतःकरण असते. म्हातारीच्या रानातील वाघाला फक्त पोट आहे. अशा वाघाला दिलेला शब्द बंधनकारक असतो काय? महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्णाने अर्जुनाला कौशिकाची कथा सांगितली आहे. सदा सत्यच बोलण्याचे व्रत घेतलेल्या त्या ब्राह्मणाने, जीव वाचविण्यासाठी रानात लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा मारेकऱ्यांना खराखरा सांगितला, आणि त्याला अधोगती मिळाली. म्हणजे आपल्या म्हातारीच्या पाठीशी अगदीच कोणी नाही, असे नव्हे. पंचतंत्रातील माकडाने काळीज झाडावर ठेवून आलो म्हणून मगरीला फसविले, तेव्हा त्याला कोणी असत्यवादी ठरविल्याचे आमच्या वाचनात नाही.

ह्या ठिकाणी युरोपातील तांबड्या टोपीवाल्या मुलीची आठवण होते. शार्ल पेरो ह्यांनी १६९७ मध्ये ती फ्रेंचमध्ये लिहिली. तीत प्रवासाची दिशा उलटी आहे. म्हातारी घरी आहे आणि नात तिच्याकडे निघाली आहे. लांडगा विचारतो, आणि मुलगी आपण कोठे चाललो, आजीचे घर कोठे आहे, हे सारे खरे सांगते. परिणामी लांडगा आजीलाही खातो आणि तिलाही. पेरो ह्यांनी शेवटी पद्यात तात्पर्यही जोडले. १८१२ मध्ये ग्रिम बंधूंनी शिकारी आणून दोघींना लांडग्याच्या पोटातून जिवंत बाहेर काढले, तेव्हा कोठे मुलांना झोप येऊ लागली. आमची म्हातारी ह्या मुलीहून शहाणी ठरते, ती केवळ वयाने नव्हे. कोणाशी काय बोलावे हे तिला कळते. पंजाबी कोकराला तेच पुरते कळलेले नाही. वचन पाळावे म्हणून ते मनापासून लठ्ठ होते, आणि मग त्याच वचनातून निसटू पाहते. अर्धे पाळलेले वचन हेच त्याच्या मरणाचे कारण, असे म्हणण्याचा मोह होतो. पण म्हातारीही खाऊनपिऊनच परत येते, मग ती का वाचते? सांगणाऱ्याला तिला वाचवावयाचे आहे म्हणून, हेच खरे उत्तर. कोकराची गोष्ट सांगणाऱ्याला कोल्ह्याचे कौतुक अधिक असावे.

म्हणूनच शिक्षकांनी ह्या गोष्टीचा शेवट आपल्या सोयीने गोड करू नये, किंवा म्हातारीच्या तोंडी क्षमायाचना घालू नये. वर्गात मुलांकडूनच ती सांगवून घ्यावी. सीमाभागात, बडोद्यात, हैदराबादेत, इंदुरात मराठी मुलांच्या शेजारी कन्नड, गुजराती, तेलुगू, हिंदी घरांतील मुले बसतात; त्यांच्या आजीची म्हातारी कशात बसून आली, हे विचारावे. टिपून घेताना सांगणाऱ्या व्यक्तीचे गाव, तिचे माहेर, वाटेत भेटलेली जनावरे आणि त्यांचा क्रम, वाहन, आणि वाहनातून निघणारा आवाज ह्यांची नोंद ठेवावी. आवाजाची नोंद विशेष काळजीने करावी, कारण छापील गोष्टींत प्रथम गळतो तो आवाजच. माहेराची नोंद का, असे कोणी विचारील. बेळगावच्या एखाद्या घरात भोपळ्याऐवजी ढोलकी निघाली, तर ती हिंदी पुस्तकातून आली की ग्वाल्हेरहून आलेल्या सुनेबरोबर, हे त्या एका नोंदीवाचून ठरविता येणार नाही.